कंपाउंड आधी की साकव?

«काकू, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मिस्टर चौदा वर्षं कुवेतला आहेत. त्यांच्या कष्टातून स्लॅबचं घर झालं, बोअर मारली, इन्व्हर्टर आला, दारात स्कूटी आली. मोठा मुलगा यंदा बारावी कॉमर्सला होता, राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा मोठ्याने वाचायचा. देशाचं उत्पन्न वाढलं, आमचंही वाढलं. मग संध्याकाळी गच्चीवर बसून टाळकेश्वराच्या दीपगृहाचा झोत बघताना मला रडू का येतं? गेल्या जुलैत पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे ये-जा करायचा छोटा पूल, वाहून गेला. धाकटीला मी स्कूटीने शाळेत सोडते, वाडीतली बाकीची मुलं तीन किलोमीटरचा वळसा घालतात. सार्वजनिक विहिरीचा गाळ तीन वर्षं काढलेला नाही. शिमग्याच्या बैठकीत दोन्ही कामांसाठी घरटी पंधरा हजार वर्गणी ठरली. मिस्टर म्हणतात, आपल्याला बोअर आहे, गाडी आहे, आपण कशाला द्यायचे? त्यापेक्षा कंपाउंड आणि गेट करून घे. माझ्या मसाल्याच्या धंद्यातले चाळीस हजार माझ्याजवळ आहेत. सगळं असून मी सुखी नाही, म्हणजे मी कृतघ्न आहे का? आणि वर्गणी देऊ की नको?»

ताई,

‘कृतघ्न’ हा शब्द आधी मनातून काढून टाका. चौदा वर्षं एकटीने घर सांभाळणारी, धंदा करून चाळीस हजार बाजूला टाकणारी बाई कृतघ्न नसते. तुम्हाला जे खुपतंय ते खरं आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या घराबाहेर आहे. वर्गणी द्या, हे माझं उत्तर. ती का द्यायची, कशी द्यायची आणि दिल्याने काय होणार नाही, हे सांगायला मात्र जरा जागा लागेल.

सुरुवात तुमच्या मिस्टरांच्या बाजूने करते. पैशाने सुख मिळत नाही असं म्हणणारे बहुतेक वेळा भरल्या पोटी बोलत असतात. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढण्यात मला कधी काही रम्य दिसलं नाही. माझ्या आईची मान त्यापायी चाळिशीतच धरली होती. तुमच्या बोअरने ते ओझं तुमच्या मानेवरून उतरवलं, हे सुखच आहे. अभ्यासकांनाही उत्पन्न आणि समाधान यांचा संबंध दिसतो. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी मांडलं होतं की अमेरिकेत वर्षाला पंच्याहत्तर हजार डॉलरच्या पुढे रोजचा आनंद फारसा वाढत नाही. २०२३ मध्ये कानेमन यांनीच मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि बार्बरा मेलर्स यांच्याबरोबर ते पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेकांचा आनंद त्यापुढेही हळूहळू वाढताना दिसला. जे मुळातच फार दुःखी होते, त्यांच्याच बाबतीत पैसा एका मर्यादेनंतर कामी येईनासा झाला. तेव्हा कुवेतमधली ती चौदा वर्षं वाया गेलेली नाहीत. मिस्टरांना हे आधी सांगा, साकवाचा विषय नंतर काढा.

आता तुमच्या मुलाचा धडा. चिपळूणच्या एका ज्युनिअर कॉलेजात तो मी अठ्ठावीस वर्षं शिकवला. देशात वर्षभरात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचं पैशातलं मोल, ही व्याख्या मुलांना झोपेतही पाठ असायची. ती कुठे अपुरी पडते हे मला स्वतःला नीट कळलं ते निवृत्तीनंतर, २२ जुलै २०२१ च्या पुरात. आमच्या तळमजल्यावर छातीच्या वर पाणी चढलं होतं. पाणी ओसरलं तेव्हा घरात वीतभर चिखल, फ्रिज आडवा, आणि कपाटातले फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. तिसऱ्या दिवशी गावागावांतून माणसं आली, खराटे-घमेली घेऊन, फडक्यात भाकऱ्या बांधून. त्यातली एक बाई, तुमच्याच बाजूची, चिखल उपसायचं सोडून बादलीजवळ बसली. तिने एकेक फोटो पाण्यात सोडून सुटा केला, बोटाने कड पुसली आणि गॅलरीतल्या दोरीला चिमट्याने लावला. माझ्या आईचा एकुलता एक फोटो तिच्यामुळे वाचला. नाव विचारायचं राहून गेलं.

महिन्याने मी नवा फ्रिज घेतला, वायरिंग करून घेतलं, भिंतींना रंग काढला. ते सगळं देशाच्या उत्पन्नात जमा झालं. त्या बाईने केलेलं काम कुठेही जमा झालं नाही. ज्यांनी अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवली, त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ सालच्या पहिल्याच अहवालात बजावून ठेवलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कितपत भलं चाललंय हे ताडता येत नाही. तुमच्या वाडीला हे लावून बघा. तुमची बोअर मारली तेव्हा मशीनचं भाडं, केसिंग, मोटर हे सगळं आकड्यात चढलं. उद्या वाडीने श्रमदानाने विहिरीचा गाळ काढला तर काहीच चढणार नाही. साकव वाहून गेला तेव्हा आकड्यातून काही वजा झालं नाही. उलट वळसा घालायला तुमच्या स्कूटीत जे जास्तीचं पेट्रोल पडतं, तेवढी भरच पडते. तुमच्या मुलाने धड्यात वाचलेलं खोटं नाही, पण तुम्ही गच्चीवर बसून ज्यासाठी रडता ते त्या धड्यात मोजलेलंच नाही.

रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली एक कोडं मांडलं. एकाच वेळी एकाच देशात पाहिलं तर पैसेवाले गरिबांपेक्षा जास्त समाधानी असतात. पण देश वर्षानुवर्षं श्रीमंत होत गेला, तरी लोकांचं समाधान त्या मानाने वाढत नाही. पुढे त्यांनी जपानचा दाखला दिला. १९५८ ते १९८७ या काळात तिथलं दरडोई उत्पन्न पाचपट झालं आणि समाधान होतं तिथेच राहिलं. २००८ मध्ये बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी वेगळे आकडे मांडून याला हरकत घेतली, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. मला त्यातलं कारण महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या वाड्यांमध्ये रोज दिसतं. शेजाऱ्याने स्लॅब टाकला की आपलं कौलारू घर बुटकं दिसू लागतं. आपण स्लॅब टाकला की तो ग्रॅनाइटचा ओटा करतो. शिवाय स्वतःच्या वस्तूची सवय होते. गेट बसल्यावर पहिले दोन महिने तुम्ही ते कौतुकाने बंद कराल, पुढच्या शिमग्यापर्यंत त्याच्याकडे लक्षही जाणार नाही.

सवय न होणारी गोष्टही असते. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर यांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची उत्तरं तपासली. कामावर जायला-यायला ज्यांचा रोज जास्त वेळ जातो ते एकंदर आयुष्याबद्दलच कमी समाधानी निघाले, पगार किंवा घर चांगलं असूनही. वाडीतल्या मुलांचा तो तीन किलोमीटरचा वळसा त्यांच्या अंगवळणी पडणार नाही, ताई. आणि स्कूटीवरून त्यांना ओलांडून जाताना तुमच्या पोटात जे कालवतं, त्याचीही तुम्हाला सवय होणार नाही. व्हावी असंही मला वाटत नाही.

तुम्ही टाळकेश्वराच्या दीपगृहाचं लिहिलंत, ते वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि जरा वेळ तशीच बसले. वर्गात सार्वजनिक वस्तू शिकवताना मी दरवर्षी हेच उदाहरण द्यायचे. जगभरच्या पुस्तकांत दीपगृह असतं, आपल्या मुलांना मात्र ते सहलीत हाताने दाखवता येतं. दाभोळच्या खाडीत शिरणाऱ्या एका होडीने तो उजेड वापरला म्हणून दुसरीला तो कमी पडत नाही. आणि पैसे न देणाऱ्या होडीपुरता तो विझवताही येत नाही. पॉल सॅम्युअल्सन यांनी १९५४ मध्ये नेमकं हेच मांडलं की अशा वस्तू एकेकट्याने विकत घेता येत नाहीत, त्या सगळ्यांनी मिळून, बहुधा सरकारमार्फतच, उभ्या कराव्या लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आधी मिळालेला इशारा असाच होता. कितीही मोठं घर असो, कुणी स्वतःपुरता तो विकत घेऊ शकला नसता.

साकवही असाच. लहानपणी आमच्या वाडीला सिमेंटचा साकव नव्हता. जांभ्याच्या दोन खांबांवर तीन पोफळी टाकलेल्या आणि धरायला एका बाजूने काथ्याची दोरी. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाडीतले बाप्ये जुन्या पोफळी काढून नव्या टाकायचे आणि आम्ही पोरं खाली पऱ्यात उभी राहून कुठली दोरी ढिली आहे ते ओरडून सांगायचो. जुलैत पाणी तांबडं व्हायचं. चपला हातात, दप्तर डोक्यावर, आणि पायाच्या अंगठ्याने पोफळीवरची शेवाळ चाचपत पुढे जायचं. पलीकडे नेहमी कुणीतरी मोठं माणूस हात पुढे करून उभं असे, आणि ते आपल्याच घरचं असेल असं नव्हतं. दोन वर्षं पोफळी टाकायच्या राहिल्या, बैठकीत भांडण झालं म्हणून. त्या दोन पावसाळ्यांत आमच्या बाईंच्या हजेरीपटावर तेरा मुलांच्या पुढे एकच कारण लिहिलेलं असे: ‘पऱ्याला पाणी’. त्यातल्या चार मुलींनी नंतर शाळा सोडली. मी सोडली नाही, कारण माझे मामा पलीकडे राहत होते.

विहिरीची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि मिस्टरांचं ‘आपल्याला बोअर आहे’ हे म्हणणं इथे अडतं. साकवावरून तुम्ही चालत गेलात म्हणून दुसऱ्याला तो कमी पडत नाही. विहिरीतून हंडा काढला की तेवढं पाणी कमी होतं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये टँकर येतो, त्याचं कारण पायाखाली आहे. सड्यावरचा, म्हणजे माथ्याच्या पठारावरचा, जांभा चाळणीसारखा. पावसाचं पाणी तो पोटात घेतो आणि डोंगराच्या कुशीतल्या झऱ्यांनी सोडून देतो, उन्हाळ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी रिता होतो. त्याखालच्या काळ्या दगडात पाणी राहतं ते फटी-भेगांमध्ये, आणि त्या भेगा कुणाच्या सातबाऱ्यावर नसतात. तुमची बोअर आणि वाडीची विहीर एकाच पाण्यावर असण्याची शक्यता बरीच आहे. विहीर अशीच गाळात राहिली तर येत्या दोन-तीन वर्षांत आणखी चार घरं बोअर मारतील, तुमच्यापेक्षा खोल. मग तुमच्या मोटरीतून हवा यायला लागेल आणि तुम्हीही आणखी खोल जाल. हे मी चिपळूणजवळच्या एका गावात डोळ्यांनी पाहिलंय. आज तिथे दारोदारी बोअर आहेत आणि मे महिन्यात सगळ्यांना टँकर लागतो.

तुमचे मिस्टर स्वार्थी आहेत असं मला वाटत नाही. ‘मी दिले नाहीत तरी साकव होणारच’ हा विचार कुणाच्याही मनात येतो, आणि सगळ्यांच्या मनात आला की साकव होत नाही. तुम्हाला श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवत असेल. राजाच्या हुकमाने गावाने घरचं सगळं दूध देवळात ओतलं, मुलं-वासरं उपाशी राहिली, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी घरच्यांना खाऊ-पिऊ घातलं, मग उरलेलं खुलभर नेलं आणि गाभारा भरला. मुलाच्या फीला हात न लावता, घरखर्च न ओढता पंधरा हजार निघत असतील तर द्या. तुमच्या चाळीस हजारांतून निघतात. नवऱ्याच्या पैशातून त्यांच्या नकळत काढू नका. वाडीत ज्या घराला पंधरा जमणार नाहीत त्याला पाच आणि चार दिवसांचं श्रमदान, अशी मुभा बैठकीत तुम्हीच सुचवा. वर्गणीची रक्कम सारखी असली तरी घरांची ऐपत सारखी नसते.

वर्गणी किती जमली आणि कशावर गेली, हे देवळाच्या भिंतीवर दर आठवड्याला लावायला सांगा. आधीच्या पैशांचं काय झालं या शंकेपोटीच लोक हात आखडता घेतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळमधले पाट, स्वित्झर्लंडमधली कुरणं, तुर्कस्तानातले मच्छीमार अशा ठिकाणच्या सामाईक गोष्टी वर्षानुवर्षं अभ्यासल्या आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळालेल्या त्या पहिल्या बाई. जिथे वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले, एकमेकांवर लक्ष ठेवलं आणि चुकणाऱ्याला आधी समज, मग दंड असं केलं, तिथे सामाईक पाणी-रान टिकलेलं त्यांना आढळलं. आपल्या गावकीला हे नवीन नाही, फक्त हिशोबाची वही उघडी ठेवायची सवय मोडली आहे.

दुसरं, सरकारचं काम वाडीने कायमचं अंगावर घेऊ नये. या वर्गणीतून विहिरीचा गाळ आणि पावसाळ्यापुरता लोखंडी किंवा लाकडी साकव, एवढंच करा, आणि तेही मे संपायच्या आत. सिमेंटच्या साकवासाठी १ मेच्या ग्रामसभेत ठराव घ्या. तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालायला लावा आणि जिल्हा परिषदेकडे पाठवा. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशात पिण्याच्या पाण्याचा वाटा राखलेला असतो, पंधराव्या आयोगाने तर पाणी आणि स्वच्छता मिळून साठ टक्के बांधून दिले होते. आपल्या पंचायतीचे ते पैसे कशावर गेले हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. विषय तिथे काढा, साकव नसल्याचा त्रास कुणाला किती होतो हे बायकांना तोंडपाठ असतं. पऱ्या आत्ता कोरडा आहे म्हणून पुरुषांना हे काम लांबवण्यासारखं वाटतं.

आता तुमच्या रडण्याबद्दल. साकव झाला की ते थांबेल असं वचन मी देत नाही. चौदा वर्षं नवरा लांब असणं हे दुःख स्वतंत्र आहे, वर्गणीने ते भरून निघत नाही. पण पत्रात एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि मला ती दिसते. बोअर झाल्यापासून तुमचं विहिरीवर जाणं थांबलं असणार. हंडा सुटला तो बरा झाला, पण तिथे भेटणाऱ्या बायकाही सुटल्या. दरवर्षी जगातल्या देशांच्या समाधानाचा जो अहवाल निघतो, त्यात २०१८ पासून फिनलंड पहिला आहे आणि २०२५ च्या यादीत आपण १४७ देशांत ११८ वे होतो. देशादेशांतल्या फरकाचा एक भाग उत्पन्नाने उलगडतो. दुसरा एक प्रश्न लोकांना सरळ विचारलेला असतो: अडीनडीला धावून येईल असं कुणी तुम्हाला आहे का? तुम्ही गच्चीवर एकट्या बसता तेव्हा या प्रश्नाचं उत्तर काय येतं ते बघा. गाळ काढायचा दिवस ठरला की चहा-पोहे तुमच्याकडून न्या, आणि नेऊन परत येऊ नका, काठावर उभ्या राहून घमेली ओढा. बायकांना विहिरीवर पुन्हा आणायला पाणी भरायचंच निमित्त लागतं असं नाही.

आणि रडू रोजचं झालं असेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मिस्टरांशी वाद घालू नका. शुक्रवारी त्यांना सुट्टी असेल, तेव्हा व्हिडिओ कॉल लावा आणि फोन घेऊन पऱ्यावर जा. वाहून गेलेल्या साकवाचे खांब दाखवा, कुठली बाजू खचली ते दाखवा. ते याच वाडीत वाढलेत, शाळेला तिथूनच गेले असतील. पावसात पलीकडून त्यांना हात कोण द्यायचं, ते विचारा आणि त्यांना बोलू द्या. पैशांचा विषय त्या दिवशी काढू नका. कंपाउंड पुढच्या वर्षी होईल, चिरे कुठे जात नाहीत.

वर्गणीची पावती मात्र घराच्या नावाने घेऊ नका. ती तुमच्या स्वतःच्या नावाने फाडायला सांगा, पैसे मसाल्याचे आहेत.

तुमची,
काकू